ते रिकामं स्टूल कुणाचं

वागादुगुच्या दापोया वस्तीत आन्सेल्म पारेला ओळखत नाही असा माणूस नाही. उंचीने बेताचा, कान मोठे, आणि डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. उभा जन्म कॅमेऱ्याच्या भोकाला उजवा डोळा लावून काढल्यावर डाव्याला काम उरत नाही, तो आपला पेंगतो. पण बाजारातल्या बायकांना हे कोण समजावणार? त्यांना वाटायचं, हा डोळा मारतोय. एकदा भाजीवालीने त्याला सडका टोमॅटो फेकून मारला, दुसऱ्यांदा तिच्या बहिणीने मारला. तिसऱ्या वेळी मात्र कुणीच मारला नाही, आणि त्या वेळी तो खरोखर डोळा मारत होता.

पारे जातीने सामो आणि दापोया सगळं मोसी जमातीचं. म्हणजे वागादुगुत राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. सामोने मोसीला काहीही बोलावं, गुलाम म्हणावं, गाढवाच्या डोक्याचा म्हणावं, त्याच्या ताटातलं मांस उचलावं, त्याच्या बायकोला चारचौघांत ‘माझी बायको’ म्हणून हाक मारावी. मोसीने उलट त्याला कुत्रेखाऊ म्हणावं. पूर्वजांपासून चालत आलेलं थट्टेचं नातं आहे हे. त्यात रागावायचं नाही, आणि थट्टेत बोललेलं खरंही धरायचं नाही. जो खरं धरेल तो वेडा. ह्या नात्याने कितीतरी भांडणं मिटवलीत, लग्नं जुळवलीत. पारेचं मात्र त्यानेच वाटोळं केलं, आणि तेही इतक्या हसतखेळत की आम्हा शेजाऱ्यांना पत्ताच लागला नाही.

पारेचा मोसी म्हणजे नोबिला काफांदो. हो, तोच, सिनेमावाला. सरकारी बातमीपटांच्या खात्यात दोघं एकत्र लागले. मंत्र्याने फीत कापली की पारेने ती टिपायची आणि नोबिलाने तिच्यावर चार भारदस्त वाक्यं लिहायची. मंत्री फिती कापत राहिले, ही दोघं एकमेकांना शिव्या देत राहिली, आणि शिव्या देता देता कधीतरी नोबिला म्हणाला, “कुत्रेखाऊ, आपण खरा सिनेमा काढू या का?” पारे म्हणाला, “काढू. पण लोकांना सांगायचं की धनी मी आणि तू माझं सामान उचलतोस.” ठरलं.

नोबिलाने सगळे मिळून चारच सिनेमे केले. त्यांची नावं आमच्या वस्तीत कुणाला पाठ नाहीत. विहिरीचा, सासूचा, रेल्वेचा आणि तो बकऱ्याचा, असंच म्हणतात. पण चारांतला कुठलाही मधूनच लावा, झोपेतून उठलेला माणूस सांगेल की हा नोबिलाचा. कारण नोबिलाच्या सिनेमात माणूस उठून गेला तरी कॅमेरा जात नाही. तो तिथेच बसून राहतो. माणूस बसला होता ते स्टूल, ती चटई, ते बाकडं, रिकामं झालेलं, तो बघत राहतो. इतका वेळ की तुम्ही चुळबुळ करता, मग खोकता, आणि मग तुम्हाला तुमचं गेलेलं कुणीतरी आठवतं.

ती जागा पहिल्यांदा कशी रिकामी राहिली, ते सांगते.

विहिरीच्या सिनेमाचं काम नुकतं सुरू झालं होतं. कॅमेरा खात्यातून मिनतवारीने थोड्या दिवसांसाठी उसना आणलेला, रीळ मोजकं. आणि पारेच्या गावाकडून, तुगानकडून येणाऱ्या एका गाडीवाल्याने पारेला निरोप दिला की तुझी आई गेली, मातीही झाली. पारेने निरोप ऐकला आणि कुणालाच सांगितला नाही. सांगितला असता तर नोबिलाने काम बंद करून त्याला गावी पाठवलं असतं, स्वतः सोबत गेला असता. तसा होता तो. आणि कॅमेरा परत गेला असता, आणि सिनेमा अर्धाच राहिला असता. म्हणून पारेने तोंड शिवलं. म्हणजे शिवलं कसलं, त्या दिवशी तो नेहमीपेक्षा दुप्पट बडबडला, नोबिलाच्या टोपीवरून, चालीवरून, त्याच्या आजोबांच्या गाढवांवरून.

दुपारी एक प्रसंग घेत होते. एक म्हातारी अंगणात स्टुलावर बसलेली असते, घरातून हाक येते, ती गुडघ्यावर हात टेकून उठते आणि आत जाते. एवढंच. म्हातारी उठली, आत गेली. नोबिला ओरडला, “कट!” कॅमेऱ्याची घरघर चालूच. नोबिला पुन्हा ओरडला. घरघर चालूच. तीन पायांचं स्टूल, मधोमध बसून बसून काळं पडलेलं, उन्हात एकटं. एक माशी आली, बसली, उडाली. रीळ संपलं तेव्हाच घरघर थांबली.

“अरे सामो!” नोबिला अंगावर धावला. “झोपलास की मेलास? रीळ काय तुझ्या बापाचं आहे?”

पारेने डोळा भोकावरून काढला नाही. काढला असता तर सगळ्यांना दिसलं असतं. तसाच वाकून म्हणाला, “बापाचं नाही, आईचं. माझी आई बसलीय तिथे. दिसत नाही का तुला, आंधळ्या मोसी?”

सगळे पोट धरून हसले. नोबिलाही हसला. ऊन वळवायचा पत्रा धरणारा तर खाली बसला हसून.

पारेच्या मते, आई गेल्याचं त्याने नोबिलाला सांगितलं ते हे असं.

पुढे रीळ धुऊन आलं आणि जोडणीच्या खोलीत ते स्टूल पडद्यावर आलं, तेव्हा जोडणी करणारा कात्री उचलून म्हणाला, हे सगळं उडवतो, लोक चपला फेकतील. नोबिला बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “ठेव. सगळं ठेव.” “अहो, चपला.” “फेकू देत. मी वेचीन.” उघड्यावरच्या थेटरात सिनेमा लागला तेव्हा एकही चप्पल आली नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने अंधारात कुणाचंतरी नाव घेतलं, आणि मग कितीतरी जणींनी नाकं ओढली.

आता तुम्हीच सांगा, ते स्टूल कुणाचं? ज्याचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावरून उचललं गेलं नाही त्याचं, की ज्याने कात्री थांबवली त्याचं? आमच्या इथे दोलो गाळणारी कुमारी नावाची बाई आहे, तिच्या मांडवाखाली ह्या प्रश्नावर त्या बाजरीच्या बिअरचे माठच्या माठ रिते झाले. पुढच्या सिनेमांत तर गुंता आणखी वाढला. कुठे थांबायचं ते नोबिला सांगायचा, ‘ह्या दारावर थांब’, ‘ह्या बाकड्यावर थांब’. पण किती वेळ थांबायचं, ते पारेचं बोट ठरवायचं. त्यात नोबिलाने कधी तोंड घातलं नाही. हवा तेवढा वेळ गप्प उभा राहायचा, टोपी हातात घेऊन.

मग रेडिओवाल्यांनी नोबिलाला बोलावलं. पारे तेव्हा तांदूळ-चवळीच्या गाडीवर जेवत होता आणि गाडीवाल्याच्या रेडिओतून नोबिलाचा आवाज यायला लागला. रेडिओवरच्या बाईने विचारलं, तुमच्या सिनेमात ही रिकामी जागा कुठून आली? आणि नोबिला भरल्या आवाजात म्हणाला, माझ्या वडिलांचं एक स्टूल होतं, ते गेल्यावर त्यावर कुणी बसलं नाही.

पारेच्या हातातला घास हातातच राहिला. गंमत म्हणजे नोबिलाचे वडील त्या वेळी पलीकडच्या गल्लीत कुमारीच्या मांडवात ठणठणीत बसले होते, आणि आपण गेल्याचं त्यांनाही रेडिओवरूनच कळलं. म्हातारा आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता, “मला शिवू नका, मी मेलोय. पोराने जाहीर केलंय.”

पारेने काय करावं? भांडावं. पण सामोने मोसीशी भांडायचं कसं? भांडणासाठी जे जे शब्द लागतात ते सगळे तो नोबिलाला रोज सकाळी म्हणतच होता. तो नोबिलाच्या फाटकाशी गेला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, “चोरा! भामट्या! ते स्टूल माझ्या आईचं आहे! सिनेमे सगळे माझे आहेत, तू नुसता खुर्चीत बसून शेंगदाणे खाल्लेस!”

गल्ली खूश झाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. नोबिला बाहेर आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, “माझ्या धन्या, शेंगदाणे संपलेत, आणून देशील का?” नोबिलाची बायको तालातो हिने पारेला आत बोलावून भेंडीचं सार वाढलं. वाढताना म्हणाली, “आज फार छान ओरडलास हो.”

तेव्हापासून तो रोजचाच खेळ झाला. लग्नात, बारशात, नमाजाहून किंवा चर्चहून येता-जाताना, लोक मुद्दाम त्याला छेडायचे, “पारे, सिनेमे कुणाचे रे?” आणि पारे म्हणायचा, “माझे! त्या गाढवाच्या डोक्याला विचारा.” आम्हीही छेडलंय. खोटं कशाला बोला. इतकं सुंदर तोंड वाकडं करायचा तो की छेडल्याशिवाय राहवायचं नाही.

सिनेमाचे पैसे मिळेनासे झाले, व्हिडिओच्या चित्रफितींचा जमाना आला, आणि पारे लग्नं टिपायला लागला. तिथेही बोट उचलेना. नवरी माहेरच्या अंगणातून निघते, सगळे तिच्यामागे धावतात, आणि पारेच्या चित्रफितीत दिसते ती नवरी बसली होती ती चटई, तिच्यावर सांडलेला तांदूळ, उलटी पडलेली एक सपात. नवरीची आई ते बघून ढसढसा रडली. नवरीचा बाप मात्र खवळला. “माझ्या मुलीचं लग्न सांगितलं होतं, चटईचं नाही! आणि नोबिला काफांदोची नक्कल करायची हौस असेल तर स्वतःच्या खर्चाने कर!”

हे पारेनेच कुमारीच्या मांडवात सांगितलं, बापाचा आवाज काढून, आणि आम्ही हसून लोळलो. तो आमच्या हसण्याकडे त्या अर्ध्या डोळ्याने बघत होता. त्या बघण्याचा अर्थ तेव्हा कुणी लावला नाही.

नोबिलाची मूत्रपिंडं गेली तेव्हा त्याचा पाचवा सिनेमा डोक्यातच होता. अंगावर सूज, पाय हत्तीसारखे, यंत्रावर रक्त धुवायला नेऊन आणायचं. आणि माणूस जायला आला की गावाला त्याचं कौतुक करायची घाई होते, तसं झालं. सिनेमाच्या शाळेत शिकवणारी एदविज इल्बुदो नावाची हुशार मुलगी होती. तिने दापोयाच्या सिनेमंडळात रविवारी दुपारी नोबिलाचे सिनेमे दाखवून वर चर्चा ठेवली. भिंतींवर कागद लागले: ‘नोबिला काफांदो: खरा कर्ता, की नशीबवान माणूस?’ पुस्तकाचा जसा लेखक तसा सिनेमाचा एकच कर्ता असतो, आणि तो म्हणजे दिग्दर्शक, असं फ्रान्सातल्या लोकांनी कधीतरी ठरवलं होतं, आणि एदविजला तपासायचं होतं की आपला नोबिला त्यात बसतो की नाही.

ती पारेकडे आली. “काका, तुम्हीही दोन शब्द बोला. लोकांना मजा येईल.”

“खरं बोलू?” पारेने विचारलं.

“बोला ना! तुमच्या पद्धतीने.”

पारेला रात्री झोप लागली नाही. म्हणजे हे त्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाला कळतंच, खाट किती करकरते त्यावरून. त्याला नाव नको होतं, कागदावर फोटो नको होता. नोबिला जिवंत असताना, नोबिलासमोर, एकदाच, कुणी न हसता हे ऐकावं की त्या स्टुलावर पारेची आई बसली होती. बस. आणि तेही आधी नोबिलालाच सांगावं, एकट्याला, म्हणजे चारचौघांत त्याला धक्का नको.

शनिवारी तो गेला. नोबिला कडुनिंबाखाली आरामखुर्चीत, पाय बादलीवर. तालातोने बाजरीच्या पिठाचं पाणी आणून दिलं. पारेने ते प्यायलं, भांडं खाली ठेवलं, आणि म्हणाला, “नोबिला.”

नोबिलाने डोळे उघडले. “काय म्हणालास?”

“नोबिला म्हणालो. मला तुझ्याशी जरा बोलायचंय.”

नोबिलाचा चेहरा उतरला. खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले. “तालातो!” त्याने हाक मारली. “तालातो, इकडे ये! डॉक्टर तुला काही म्हणाला का? माझ्यापासून काय लपवताय तुम्ही?”

“काही नाही म्हणाला. झालं काय?”

“ह्याने मला नावाने हाक मारली. शिवी दिली नाही. बसल्यापासून एक शिवी नाही! ह्याला माहीत आहे. ह्याला सांगितलंय तुम्ही. मी चाललोय ना, पारे? खरं सांग, किती दिवस?”

पारेने खुर्ची धरलेल्या त्या सुजलेल्या हातांकडे पाहिलं. मग खुर्चीला लाथ मारली. “मर की मेल्या! मेलास की तुझी आरामखुर्ची मी नेणार आणि ही बायकोही नेणार. बोलायचं हे होतं की मागच्या खेपेस तुझ्या सारात मीठ नव्हतं. गुलाम असून मीठ टाकता येत नाही?”

नोबिलाने श्वास सोडला. हसता हसता त्याला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. “कुत्रेखाऊ,” तो म्हणाला, “घाबरवलंस की रे मला.”

“तुझ्या आजोबाला घाबरवलं होतं माझ्या आजोबाने. तो गाढवावरून पडला.”

मग पारे संध्याकाळपर्यंत तिथेच बसला आणि त्याने नोबिलाला इतक्या शिव्या दिल्या की नोबिलाला भूक लागली आणि तो बऱ्याच दिवसांनी नीट जेवला.

रविवारी मंडळाचं दालन भरलं होतं. छताचे पंखे गरम हवा ढवळत होते. नोबिलाला पहिल्या रांगेत खुर्चीसकट आणून ठेवलेलं. पारे निळा पायघोळ बुबू घालून आला होता, इस्त्री केलेला, त्यावरूनच लोक हसायला लागले. विहिरीचा सिनेमा झाला, दिवे लागले, आणि एदविज उठली. ती चांगलं बोलली. म्हणाली, ज्याचं काम डोळे झाकून ओळखू येतं तो कर्ता. कॅमेरा कुणीही धरो, पैसे कुणीही देवो, चार सिनेमांत एकच माणूस बघतोय हे कळतं की नाही? तो बघणारा म्हणजे कर्ता.

मंडळाचे अध्यक्ष बोंकुंगु मास्तर उठले. निवृत्त माणूस, वाद घालायला आसुसलेला. “चार सिनेमे आणि युक्ती एकच!” ते म्हणाले. “माझी बायको प्रत्येक रश्शात सुंबालाचा उग्र मसाला घालते. अख्ख्या वस्तीला वासावरून कळतं की बोंकुंगुकडे चूल पेटली. मग तिलाही कर्ता म्हणू?”

“म्हणा की!” मागून बायका ओरडल्या. “नाहीतर आजपासून बाहेर जेवा!”

हशा ओसरला तशी एदविजने पारेला हात केला. पारे पुढे गेला. तो उभा राहिला तेव्हाच दालन खुसखुसत होतं.

“मी आज थट्टा करणार नाही,” तो म्हणाला.

दालन फुटलं. मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा! सुरुवातच बघा!”

“हसू नका. मी हात जोडतो. ते स्टूल... त्या दिवशी मला निरोप आला होता. माझी आई गेली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती म्हातारी उठून आत गेली आणि मला ते रिकामं स्टूल दिसलं, आणि माझं बोट निघालं नाही. ते नोबिलाने सांगितलेलं नव्हतं. ते त्याच्या वडिलांचं नव्हतं. ते माझ्या आईचं होतं.”

हे त्याने अगदी हळू सांगितलं. आवाज चिरकला. आणि तो चिरकलेला आवाज, तो अर्धा मिटलेला डोळा, तो इस्त्रीचा बुबू, हे सगळं लोकांना इतकं बेमालूम वाटलं की हसणाऱ्यांना ठसका लागला. वर्षानुवर्षं ऐकलेलीच थट्टा, पण आज काय वठवली पठ्ठ्याने! कुणी ओरडलं, “आईची शपथ घे, सामो!” त्याने घेतली. पुन्हा हशा. एदविजही हसली, तोंडावर हात धरून, आणि सोबतच्या एकीला म्हणाली की ही मौखिक परंपरा किती जिवंत आहे बघ.

मग नोबिलाने हात वर केला. दालन शांत झालं. त्याला उठता येत नव्हतं, बसूनच म्हणाला, “खरं आहे. तो सांगतो ते सगळं खरं आहे. सिनेमे ह्या माझ्या गुलामाचे. मी खुर्चीत बसून शेंगदाणे खाल्ले.”

टाळ्या. शिट्ट्या. बायकांनी जिभा हलवून आरोळी दिली. इतकं मोठं मन! असा मोसी पुन्हा होणे नाही! मास्तरांनी वाद मागे घेतला आणि नोबिला काफांदो खरा कर्ता असल्याचं तिथल्या तिथे टाळ्यांनी मंजूर झालं.

पारे उभाच होता. तो नोबिलाकडे बघत होता. नोबिला हसत नव्हता. की हसत होता, आणि सुजलेल्या गालांमुळे कळत नव्हतं? इतकी वर्षं त्या चेहऱ्याच्या शेजारी उभं राहून काढली होती, तरी पारेला ते सांगता येईना.

पावसाळ्याआधीच नोबिला गेला.

मोसीच्या मयतीला सामोने काय करायचं असतं ते ठरलेलं आहे. रडायचं नाही. वाट अडवायची, खड्ड्यात उतरून आडवं व्हायचं, म्हणायचं की ही जागा माझी, ह्या गुलामाला बाहेर पुरा. मग घरच्यांनी कोलाच्या बिया देऊन, कोंबडी देऊन त्याची मनधरणी करायची. तेवढंच रडणाऱ्यांना हसू येतं, जरा श्वास मिळतो. पारे गेला. न जाऊन चाललं नसतं. सामो आला नाही तर मेलेल्याला कुणी जवळचं नव्हतं असं म्हणतात. तो खड्ड्यात उतरला, आडवा झाला आणि म्हणाला, “हा माझा गुलाम. मला न विचारता गेला. आता मी कुणाला शिव्या देऊ?” तो लाल मातीत तोंड खुपसून पडला आणि त्याचे खांदे हलायला लागले. लोक आधी हसले. मग कुणी म्हणालं, काय रडतोय बघा, अगदी खऱ्यासारखं. त्याच्या हातात कोंबडी देऊन त्याला वर ओढलं तेव्हाही त्याचं थांबेना, आणि कोंबडी सुटून लोकांच्या पायांतून पळाली, त्यावरही हसले.

आम्हीही हसलो होतो. तसंच करायचं असतं.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी तो तालातोकडे गेला. ती अंगणात मयतीच्या स्वयंपाकाची मोठाली पातेली घासत बसली होती.

“वहिनी,” तो म्हणाला.

तिचा हात थांबला. “इतकी वर्षं बायको म्हणतोस. आज वहिनी?”

“आज वहिनी.”

त्याने बादली उचलून पातेल्यात पाणी ओतलं, आणि ओततानाच सगळं सांगितलं. तुगानच्या गाडीवाल्याचा निरोप, न सांगितलेलं मरण, रीळ संपेपर्यंत न निघालेलं बोट. ती ऐकत राहिली. एकदाही हसली नाही. तिला कळायला वेळ लागला नाही. नुकतंच तिच्या घरातलं एक माणूस उठून गेलं होतं.

“म्हणजे तू दालनात बोललास ते...”

“खरं होतं.”

“आणि त्याला हे कधी सांगितलं होतंस?”

“रोज सांगत होतो.”

“तसं नाही, पारे. असं. आत्ता मला सांगितलंस तसं.”

पारेने पाणी ओतणं थांबवलं. “एकदा गेलो होतो सांगायला. तो घाबरला.”

तालातोने कमरेच्या कापडाच्या टोकाने कपाळ पुसलं. “त्या रविवारी घरी आल्यावर तो गप्प होता,” ती म्हणाली. “मला म्हणाला, पारे आज बोलला ते नेहमीचं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही तसं का म्हणालात मग, शेंगदाण्याचं? तो म्हणाला, मी खरं म्हणूनच म्हणालो होतो, पण लोक टाळ्या पिटायला लागले. उद्या त्याला विचारतो म्हणाला, नीट. विचारलं का त्याने?”

“विचारलं.”

“काय विचारलं?”

“म्हणाला, काय रे कुत्रेखाऊ, काल एवढं तोंड का पाडलं होतंस?”

“आणि तू?”

पारेने बादली खाली ठेवली.

“मी म्हटलं, तुझं तोंड बघून.”

पातेल्याच्या बुडाशी करपलेलं तालातो नखाने खरवडत राहिली. थोड्या वेळाने पारेने बादली पुन्हा उचलली आणि हळूहळू पाणी ओतू लागला.